पोरगा ‘तसलं’ पायते, मॅडम

“मुलगा मोबाइलवर बायकांचे कपडे घातलेले पुरुष पाहतो. तो बिघडला का? की तो मुळातच तसा आहे?” हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. आई विचारते तेव्हा आवाज खाली जातो. वडील विचारतात तेव्हा चढतो. उत्तर एका घरातल्या गोष्टीतूनच देते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

रोशन 18 वर्षांचा, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. गाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या धानपट्ट्यातलं. रोवणी नुकतीच आटोपली होती. वडिलांच्या पायाच्या बोटांत चिखल्या झालेल्या, तरी बसायला तयार नव्हते. उभ्यानेच म्हणाले, “रातभर फोनवर भांडते हा. कोन्त्या पिच्चरले बक्षीस भेटाले पायजे होतं, कोनाले नाई, याच्यावर. अन् ते गाऊन घालून नाचनारे मानसं पायते. मले सिद्धं सांगा, हा तसा हाये का?”

महिनाभर आधी त्यांनी फोन काढून घेतला होता. त्याच्याही आधी कुणाकडे तरी नेलं होतं. 21 दिवस औषध घ्या, पोरगा ‘सुधरते’, असं तिथं सांगितलं गेलं. पैसे भरून झाले होते. हे ऐकून मला राग आला, अजूनही येतो. समलिंगी असणं हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्येच ते आजारांच्या यादीतून काढलं. असं ‘बदलून देण्याचे’ उपचार करणं हे डॉक्टरसाठी गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगानेही 2022 मध्ये स्पष्ट केलं. वडिलांना मी एवढंच म्हटलं, “भाऊ, ते औषध आजच बंद करा. ज्याला आजारच नाही त्याला औषध कशाचं?”

मग आईवडिलांना बाहेर बसवून रोशनशी बोलले. ‘तू तसा आहेस का’ हे मी त्याला विचारलं नाही. त्याला सांगावंसं वाटेल तेव्हा तो सांगेल, आणि त्याने सांगितलं तरी ते त्याच्या परवानगीशिवाय या खोलीबाहेर जाणार नाही, हे त्याला आधीच सांगितलं. मी झोपेचं विचारलं, जेवणाचं विचारलं. जीव नकोसा वाटतो का, हेही नीट, शब्द न चोरता विचारलं. तो बराच वेळ टेबलाच्या कडेचा सुटलेला सनमायका नखाने उचकटत राहिला. मग म्हणाला, “कधी कधी.” त्या दिवशीचं सगळ्यांत महत्त्वाचं काम तेच होतं. त्याला सांगूनच आईला आत बोलावलं आणि फवारणीचं औषध घरातून हलवून कुलपात ठेवायला लावलं. 14416 हा टेली मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा, फुकट नंबर दोघांनाही लिहून दिला आणि रोशनला तीन दिवसांनी परत बोलावलं. आपल्याकडे ज्या घरात शेती आहे, त्या घरात हे विचारायला लाजू नये.

दुसऱ्या भेटीत मी म्हटलं, तुमचं भांडण नेमकं कशावरून, मला समजावून सांग. तेव्हा तो पहिल्यांदा ताठ बसला. 2017 चा ऑस्कर सोहळा त्याने मला तिथं उभा करून दाखवला. चुकीचा लिफाफा, सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून ‘ला ला लँड’चं नाव, त्या लोकांची भाषणंही सुरू झालेली. आणि मग त्यांच्यातल्याच एका निर्मात्याने खरा कागद कॅमेऱ्यासमोर धरून ‘मूनलाइट’वाल्यांना, म्हणजे एका समलिंगी मुलाची गोष्ट सांगणाऱ्या सिनेमाच्या लोकांना, वर बोलावलं. पुण्याच्या चुलतभावाचं म्हणणं, बक्षीस सहानुभूतीपोटी दिलं. रोशनचं म्हणणं, त्या सिनेमातलं पोरगं बोलतच नाही, तरी सगळं समजते, हे सोपं आहे का? दुसरं भांडण ‘रुपॉल्स ड्रॅग रेस’वरून. ही ड्रॅगची, म्हणजे बाईचा वेश करून कला दाखवण्याची, 2009 पासून चाललेली अमेरिकन टीव्ही स्पर्धा. चुलतभाऊ म्हणतो तो नुसता धिंगाणा. रोशनचं उत्तर तयार: ती चालवणाऱ्या रुपॉलला सूत्रसंचालनाचं एमी, म्हणजे टीव्हीचं मोठं बक्षीस, 2016 पासून सलग आठ वर्षं मिळालं, ते काय उगीच? स्पर्धक काही भागांत गाऊन स्वतः शिवतात, नकला करतात, शेवटी मागे पडलेल्या दोघांना गाण्यावर ओठ हलवून जीव तोडून नाचावं लागतं आणि बहुतेकदा त्यातला एक घरी जातो.

मला या पोराचा अभिमान वाटला. घरात दोन शब्द न बोलणारा मुलगा वीस मिनिटं मुद्देसूद बोलत होता. रात्री दोनपर्यंतचं जागरण वाईटच, त्याबद्दल त्याला मी सुनावलंही. पण त्याचा फोन काढला तेव्हा मनातलं बोलायची त्याची एकमेव जागा गेली होती.

वडिलांना समजवताना मी आधी चुकले. दंडार, खडी गंमत या आपल्याकडच्या लोकनाट्यांत पुरुषच बाई होऊन नाचत आले, मंडईच्या जत्रेत आपणच टाळ्या वाजवतो, असं म्हटलं. ते लगेच म्हणाले, “तो रातचा खेळ असते मॅडम. सकाळी तो मानूस धानाच्या बांदीत येते.” त्यांचा मुद्दा खरा होता. मग म्हटलं, या स्पर्धेतलेही खेळ संपला की आरशासमोर बसून रंग पुसतात. पुसता पुसता काहीजण आपल्या बापाबद्दल बोलतात, बाप बोलत नाही म्हणून रडतात. त्यांच्यात बरेच समलिंगी आहेत, काही तृतीयपंथी स्त्रिया आहेत, 2022 च्या पर्वात तर एक बाईवर प्रेम करणारा पुरुषही होता. ते करणाऱ्यांचंच एक माप नाही, तर पाहणाऱ्याचं कुठून काढणार? रोशन तसा असेल, नसेल. असला तरी तो तुमच्या घरी पंगतीला बसायला हवा.

ते काही बोलले नाहीत. बराच वेळ गमछाची घडी घालत, मोडत राहिले. शेवटी विचारलं, “त्याच्या मायले मालूम हाये का हे सारं?”

मायला माहीत होतंच. ती गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवते. फोन परत मिळाल्यावर रोशनने तिला त्या स्पर्धेतला शिवणकामाचा एक भाग दाखवला. पुढच्या भेटीत ती मला तावातावाने सांगत होती की पहिला नंबर चुकीचा दिला. “त्या हिरव्या गाऊनची शिवन पाहा ना मॅडम, काखेत चुन्या पडून रायल्या. अन् त्यालेच बक्षीस!” रोशन मध्येच म्हणाला, “माय, ते मुद्दाम तसं केलं होतं.” दोघांचं माझ्यासमोरच जुंपलं. दाराशी उभे असलेले वडील आत आले आणि खुर्ची ओढून बसले.