बारीक, पातळ, विरळ आणि इंग्रजीतलं 'थिन'

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेले अनुवादाचे तिन्ही नमुने वाचले: पाककृती, कथेतलं प्रकरण आणि औषधाचं माहितीपत्रक. मेहनत जाणवते. पण तिन्हींमध्ये 'थिन' हा एकच शब्द तू वाटेल तिथे वापरला आहेस. बारीक, पातळ, विरळ, रोड, हडकुळा, काहीही असो, इंग्रजीत 'थिन'. व्याकरण कुठेच चुकत नाही, त्यामुळे ही सवय लक्षात यायलाही वेळ लागतो. तेव्हा शब्द लिहिण्याआधी स्वतःला विचारत जा, इथे नेमकं कमी काय आहे? जाडी, रुंदी, दाटपणा, की अंगावरचं मांस?

पाककृतींचंच पान घे. 'कांदा बारीक चिरून' म्हणजे लहान लहान तुकडे. त्याला इंग्रजीत 'फाइनली चॉप्ड' म्हणतात. तू 'थिनली स्लाइस्ड' लिहिलंस, त्यामुळे कोशिंबिरीत भज्यांचा कांदा आला. बारीक रवासुद्धा 'फाइन'च. पातळ पोह्यांना मात्र 'थिन' शोभतं, कारण तिथे खरोखर जाडी कमी आहे. ताक पातळ असेल तर 'थिन' चालेल, चहा पातळ झाला तर तो 'वीक'. अळूची पातळ भाजी ही तर पदार्थाची जात आहे. तिचं नाव तसंच ठेव आणि एका ओळीत वर्णन दे.

पाणी घालण्याच्या क्रियेलाही इंग्रजीत वेगवेगळी क्रियापदं आहेत. आम्लात किती पाणी, हे प्रमाण महत्त्वाचं असलं की 'डायल्यूट'. रंग ब्रशखाली नीट पसरावा म्हणून सैल केला की 'थिन'. दुकानात मिळणाऱ्या थिनरचं नाव त्यावरूनच पडलं. दुधात पाणी घातलं की 'वॉटर डाउन', आणि यात आरोप आहे. म्हणून एखाद्या विधेयकातली कडक कलमं काढली की टीकाकार हाच शब्द वापरतात.

हाताने पातळ करण्याच्या कामात तर प्रत्येक क्रियापदामागे एक हत्यार उभं असतं. पोळी लाटणं 'रोल आउट', फळीवर रंधा मारणं 'प्लेन', चाकूने काठी तासत बसणं 'व्हिटल', फळाची साल काढणं 'पेअर', तार ओढणं 'ड्रॉ', सोनं ठोकून वर्ख करणं 'बीट'. एक ग्रॅम सोनं ठोकत नेलं तर सुमारे एक चौरस मीटर पत्रा होतो. तिथे 'मेक थिन' लिहिलं तर त्या कारागिराचा हातोडाच वाक्यातून नाहीसा होतो. एका टोकाकडे निमुळतं होत जाण्याला 'टेपर' आहे, तो शब्द तुझ्या कथेतल्या बोटांना हवा होता.

शेतातली विरळणी म्हणजे 'थिन आउट'. इथे एकही रोप बारीक होत नाही, उलट उरलेली रोपं जोमाने वाढतात. कमी होते ती दाटी. हवेचंही तसंच. एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास एक तृतीयांश असतो, आणि त्या हवेला इंग्रजीत 'थिन एअर' म्हणतात. आपण तिला विरळ म्हणतो, पातळ म्हणत नाही. या बाबतीत मराठी जास्त नेमकी आहे असं मला मनापासून वाटतं. तसे हे शब्द दूरचे आप्तच आहेत. 'थिन', लॅटिन 'टेनुइस' आणि संस्कृत 'तनु' हे तिन्ही ताणणे या अर्थाच्या एकाच मूळ धातूकडे जातात. 'टेन्युअस' आणि 'अटेन्युएट' त्या लॅटिन शब्दातून आले. तुटेल इतपत ताणलेल्या युक्तिवादाला 'टेन्युअस' म्हणतात ते त्यामुळेच.

आता कथा. माणसाच्या अंगकाठीबद्दल लिहिताना मोजमापाआधी नजर येते. 'स्लेंडर' आणि 'स्लिम' कौतुकाचे, आपल्या सडपातळ, शेलाट्याच्या जवळचे. 'लीन' म्हणजे चरबी नाही पण ताकद आहे. 'वायरी' म्हणजे आपला काटक. 'स्किनी' घरगुती, थोडा बोचरा. 'स्क्रॉनी' म्हणजे किडकिडीत, त्यात तुच्छता आली. 'गॉन्ट' म्हणजे आजाराने, उपासमारीने किंवा काळजीने गाल बसलेला, आणि 'इमेशिएटेड' तर डॉक्टरांच्या तोंडचा, पार खंगलेल्या देहासाठी. तुझ्या कथेतली आजी मुलाच्या वाटेकडे डोळे लावून खंगली आहे. तिला तू 'स्लिम' केलंस! मूळ लेखिकेने तिच्याकडे ज्या मायेने पाहिलं, ती एका शब्दाने पुसली गेली.

पण कौतुकाचे शब्दही नेहमी कौतुकाचेच राहतात असं नाही. 'स्लिम' ज्या डच शब्दातून आला त्याचा जुना अर्थ वाकडा, वाईट असा होता. आणि युगांडात लोकांनी झपाट्याने वजन उतरवणाऱ्या नव्या दुखण्याला 'स्लिम' म्हणायला सुरुवात केली होती. 1985 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यावर लेख आला तो 'स्लिम डिसीज' याच नावाने. ते दुखणं म्हणजे एड्स. तेव्हा मजकूर कुठला, कोणत्या काळातला, हे पाहिल्याशिवाय शब्दकोशातला पहिला अर्थ उचलू नकोस.

सर्वांत जास्त काळजी मला माहितीपत्रकाची वाटते, कारण ते रुग्णाच्या हातात जाणार आहे. 'ब्लड थिनर'चं तू 'रक्त पातळ करणारी गोळी' केलंस. बोलताना सगळेच तसं म्हणतात, डॉक्टरसुद्धा. पण या औषधांनी रक्त पातळ होत नाही. वॉरफरिन जीवनसत्त्व केवर अवलंबून असलेल्या, रक्त गोठवणाऱ्या घटकांची निर्मिती रोखतं. ॲस्पिरिन रक्तातल्या बिंबिकांना, म्हणजे प्लेटलेट्सना, एकमेकींना चिकटू देत नाही. दोन्हींमुळे गुठळी होणं लांबतं, आणि म्हणूनच जखम झाली तर रक्त लवकर थांबत नाही. 'पातळ' वाचून एखाद्याला वाटेल, रक्तात पाणी वाढतंय, अशक्तपणा येईल. आणि तो मनानेच गोळी बंद करेल. त्यात जिवाला धोका आहे. 'रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारी गोळी' असं लिही, लांब झालं तरी चालेल. लोकांच्या ओळखीचा शब्द म्हणून 'रक्त पातळ करणारी' हे एकदाच, सुरुवातीला दे, आणि लगेच खुलासा कर.

पाककृती आणि कथा सावकाश दुरुस्त कर. माहितीपत्रकाचा नवा खर्डा मात्र याच आठवड्यात पाठव, आणि छपाईला जाण्याआधी एखाद्या डॉक्टरांकडून तपासून घे.

तुझा,
एक जुना अनुवादक