नुसता जीपीएस बंद करून भागत नाही

प्रश्न असा आहे: अमेरिकेत सरकारी यंत्रणा वॉरंटशिवाय फोनचं लोकेशन विकत घेतात, मग जीपीएस बंद ठेवला की झालं का?

नाही. लोकेशन दोन वाटांनी बाहेर पडतं आणि बहुतेकांची तिथेच गल्लत होते.

एक वाट टॉवरची. फोन कोणत्या टॉवरला जोडलाय हे मोबाइल कंपनीला कळतंच, जीपीएस असो वा नसो. पण ही नोंद पोलिसांना हवी असेल तर अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८च्या कार्पेंटर निकालानंतर वॉरंट लागतं, निदान सात दिवस वा त्याहून जास्त काळाच्या नोंदींसाठी. त्या खटल्यात १२७ दिवसांच्या १२,८९८ नोंदी होत्या.

विकत मिळतं ते दुसऱ्या वाटेचं, म्हणजे जाहिरातींचं. फुकटचं अ‍ॅप उघडलं की त्यातली जाहिरातीची जागा क्षणात लिलावात निघते. बोली मागवताना फोनचा जाहिरात आयडी (जाहिरातदार ज्यावरून फोन ओळखतात तो क्रमांक) जातो आणि अ‍ॅपला परवानगी असेल तर अक्षांश-रेखांशही. लिलाव एकच जण जिंकतो, माहिती मात्र बोलीला बसलेल्या सगळ्यांच्या हाती पडते. काही अ‍ॅपमध्ये तर माहिती गोळा करून विकणाऱ्या दलालाचा कोडच बसवलेला असतो. व्हेनटेल ही लोकेशन विकणारी एक दलाल कंपनी. आइस (स्थलांतरितांवर कारवाई करणारी यंत्रणा) आणि सीबीपी (सीमा सांभाळणारी यंत्रणा) तिची गिऱ्हाइकं होती. बाजारात मिळणाऱ्या वस्तूला वॉरंट कशाला, हा सरकारी युक्तिवाद. ही पळवाट बुजवणारं विधेयक एप्रिल २०२४मध्ये प्रतिनिधिगृहात २१९ विरुद्ध १९९ मतांनी मंजूर झालं, सिनेटमध्ये मात्र अडकलं.

‘विकलेल्या माहितीत नाव नसतं’ हा दिलासा पोकळ आहे. रात्री दोनला फोन कुठे असतो आणि दुपारी कुठे, एवढं कळलं की घर आणि ऑफिस सापडलं.

म्हणून आधी आयडी काढा. अँड्रॉइडवर सेटिंग्ज, गूगल, अ‍ॅड्स, मग ‘डिलीट अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी’ (काही फोनांत हे प्रायव्हसीखाली असतं). नुसता रीसेट करू नका: नवा आयडीही रात्री त्याच घरी झोपतो, त्यामुळे जुन्याशी जोडला जातो. आयफोनवर प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, ट्रॅकिंग, आणि तिथलं ‘अलाउ अ‍ॅप्स टू रिक्वेस्ट टू ट्रॅक’ बंद.

मग लोकेशनच्या परवानग्या एकेक अ‍ॅप घेऊन तपासा. ‘ऑलवेज’ जवळपास कुणालाच लागत नाही. नकाशाला ‘व्हाइल यूजिंग’ द्या. हवामानाच्या अ‍ॅपचं ‘प्रिसाइज’ बंद करा, त्याला गावाचा अंदाज पुरतो. गेम, टॉर्च, कूपनवाल्यांना काहीच नको.

व्हीपीएनवर भिस्त ठेवू नका. तो फक्त आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा तुमचा पत्ता लपवतो. परवानगी मिळालेलं अ‍ॅप जीपीएसचा आकडा तसाच पाठवत राहतं.

हे सगळं पुढच्यापुरतं. आधी विकलं गेलेलं परत येत नाही. कॅलिफोर्नियात राहत असाल तर राज्याच्या ‘ड्रॉप’ या सोयीतून नोंदणीकृत दलालांना एकाच अर्जात माहिती पुसायला सांगता येतं. अर्जात जाहिरात आयडीही देता येतो, म्हणून तो काढण्याआधी टिपून ठेवा.