चित्र येत नाही, तरी क्लबात जाऊ का?

प्रश्न : ताई, मी ५४ वर्षांची, बँकेतून व्हीआरएस घेतलेली. आमच्या कोथरूडमध्ये काही जणांनी रविवारी सकाळी एकत्र बसून चित्रं काढायचा क्लब सुरू केलाय, बोर्डावर चक्क लिहिलंय 'चित्रकला येत नसेल तरी या'. जायची फार इच्छा आहे, पण शाळेत एलिमेंटरीला मला सी ग्रेड होती आणि इंटरमिजिएटला बाईंनी बसूच दिलं नाही. अजूनही माणूस काढला की हातांच्या जागी फावडी येतात. मुलगा म्हणतो आधी यूट्यूबवर शीक आणि मग जा, नाहीतर हसं होईल. काय करू?

उत्तर : जा. येत्या रविवारीच जा, आणि शिकून वगैरे अजिबात जाऊ नका. कारण 'थोडं आलं की जाईन' म्हणणारे लोक कधीच जात नाहीत, त्यांची वही कपाटात आणि रंग वाळलेले, असे किती जण माझ्याच ओळखीत आहेत!

तुमचा प्रश्न चित्राचा नाहीये, त्या सी ग्रेडचा आहे. महाराष्ट्रात आपल्या पिढीतल्या निम्म्या लोकांना विचारा, चित्रकला म्हटलं की त्यांना वस्तुचित्राचा तांब्या आठवतो, स्मरणचित्रातली ती जत्रा आठवते आणि कडेला बसणारी ग्रेड आठवते. ती परीक्षा वाईट म्हणून नाही सांगत, ज्यांना पुढे कलेत जायचंय त्यांना तिचा उपयोग होतोच, पण बाकीच्या सगळ्यांना वयाच्या तेराव्या वर्षी 'तुझं काम नाही हे' असं सांगून मोकळं केलं तिने. असा क्लब म्हणजे क्लास नव्हे, तिथे कुणी सर नसतात, सिलॅबस नसतो, आणि फावडी काढणारे बरेच असतात (हात तर भल्याभल्यांना जमत नाहीत हो).

मुलाला पुरावाच हवा असेल तर एक सांगा. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात २०१६ साली ३९ मोठ्या माणसांना ४५ मिनिटं मार्कर, माती, कोलाज देऊन मनाला येईल ते करायला बसवलं आणि आधी-नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन मोजलं. साधारण ७५ टक्के लोकांचं ते कमी झालं, आणि कला येणाऱ्यांमध्ये आणि न येणाऱ्यांमध्ये त्यात खास फरक दिसला नाही. अभ्यास छोटा होता, तुलनेला दुसरा गटही नव्हता, त्यामुळे मुलासमोर फार ताणू नका, पण 'आधी शीक मग जा' याला एवढं उत्तर पुरे.

आणि हो, क्लबवाले बाहेर जाऊन चित्रं काढणार असतील तर पहिल्यांदा शनिवारवाडा नको म्हणा, त्या दिल्ली दरवाज्याचे खिळे मोजता मोजताच माणूस रडकुंडीला येतो. जंगली महाराज रोडवरचं पाताळेश्वर बघा. सावली आहे, बसायला जागा आहे, आणि तो गोल नंदीमंडप अखंड काळ्या दगडातून कोरलेला, जाडजूड खांबांचा, त्यामुळे रेघ वाकडी गेली तरी ती दगडाचीच वाटते. तुळशीबाग मात्र सवय झाल्यावर, कारण तिथे मागे उभं राहून 'हे काय काढलंय?' विचारणारे पन्नास जण भेटतात.

प्रश्न : आमचा सिंहगड रोडला सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये असाच हौशी ग्रुप आहे. त्यात एक निवृत्त ड्रॉइंग टीचर आहेत, वय ७२, माणूस फार चांगला, पण ते प्रत्येकाच्या मागे येऊन पेन्सिल हातात घेतात आणि कागदावरच दुरुस्त करून देतात. दोन जणी यायच्या बंद झाल्या. त्यांना कसं सांगायचं?

उत्तर : अरे देवा, हे सर प्रत्येक ग्रुपमध्ये असतात! चाळीस वर्षं पोरांच्या वह्या तपासलेल्या माणसाचा हात आपोआप जातो, त्यात त्यांचा दोष मानू नका. पण दोन जणी गेल्या म्हणजे तिसरीही मनात जायचं ठरवून बसली असणार, तेव्हा आता गप्प बसूनही चालायचं नाही.

ग्रुपवर मेसेज टाकू नका, त्यांना वाटेल सगळ्यांनी मिळून ठरवलंय. चहाच्या वेळी एकट्याने गाठा आणि सरळ सांगा की सर, इथे चित्र सुधारायचं नाहीये, काढायचंय, दुसऱ्याच्या कागदावर पेन्सिल कुणीच चालवायची नाही असा नियम करतोय. मग त्यांना काम द्या. शेवटचा अर्धा तास सरांचा, ज्याला सावली किंवा पर्स्पेक्टिव्ह विचारायचंय त्याने आपणहून त्यांच्या टेबलाशी जावं. आणि एकदा त्यांनाच डाव्या हाताने चित्र काढायला लावा सगळ्यांबरोबर, मजा येईल. एवढं करूनही नाही जमलं तर आपलं पुणं आहे, पाटी लावा : 'दुसऱ्याचे चित्र सुधारू नये. चित्रकार जिवंत आहे.'

जाता जाता तुमच्या ग्रुपला आणखी एक, चित्रांचे फोटो व्हॉट्सअॅपवर टाकणं बंद करा. एकीच्या चित्राला वीस बदाम आणि दुसरीच्या चित्राला दोन अंगठे, की झाली परत ग्रेड सुरू.

प्रश्न : पहिल्यांदा जाताना काय सामान घ्यावं? अप्पा बळवंत चौकात गेले तर दुकानदाराने ३०० जीएसएमचा कागद आणि ट्यूबचा मोठा सेट दाखवला, बिल बघून परत आले. – हडपसर

उत्तर : बरं झालं परत आलात. ३०० जीएसएम भरपूर पाणी वापरून वॉटरकलर करणाऱ्यांसाठी ठीक आहे, कमी जाडीचा कागद पाण्याने वळतो म्हणून. पण नवशिक्याला महाग कागदाची भीती वाटते आणि तो कोराच राहतो. साधी स्केचबुक घ्या, नाहीतर जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू घ्या, त्या चांगल्या जाड असतात. आणि पेन्सिल नको, बॉलपेन न्या. खोडता येत नाही म्हटल्यावर माणूस पुढे जातो, नाहीतर दीड तास एकच नाक खोडत बसतो. रंग पुढच्या महिन्यात बघा, तोवर शेजारच्याचे मागा, अशा ठिकाणी रंग मागितले की ओळखी लवकर होतात.