पहाटेची गाडी उशाशी कशी?

प्रश्न : लग्नानंतर साताऱ्याहून माटुंग्याला आले. घर रुळांपासून बरंच आत आहे. दिवसा लोकल ऐकूही येत नाही. पहाटेची पहिली गाडी मात्र थेट उशाशी खडखडते. सासूबाई म्हणतात, "होईल सवय." हा माझा भास आहे का?

उत्तर : भास कसला, ताई! दिवसा बेस्टच्या बसा, हॉर्न, शेजारचा मिक्सर यांत गाडी बुडून जाते. शिवाय उन्हाने जमिनीलगतची हवा तापली की आवाज वर वळतो. थंडीतल्या निरभ्र रात्री उलटं होतं. खाली गार, वर उबदार हवा. वर निघालेला आवाज वाकून परत खाली, तुमच्या खिडकीत. डिसेंबर-जानेवारीत लक्ष ठेवा, जास्तच येईल.

सासूबाईंचं अर्धं खरं. मी परळला रुळांलगतच्या चाळीत वाढलो. रात्रीच्या ब्लॉकला गाड्या थांबल्या की आमचे आजोबा उठून बसत. पण सवय झाली तरी झोपेत आवाजासरशी हृदयाचे ठोके वाढतातच. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबलची आहे. मुंबईत ती कागदावरच बरी दिसते.

जाड पडद्यांवर पैसे घालू नका. सरकत्या खिडकीच्या फटी आधी रबरी पट्टीने बुजवा.