फॉर्म तुम्ही भरलात, परीक्षा ती देणार?

कळव्याहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी टीवायबीएससी बायोटेकला, आतापर्यंत ६४ टक्के. तिला एमएस्सी करून नॅनोकणांमुळे, म्हणजे अतिशय बारीक कणांमुळे, माणसाच्या पेशीतला डीएनए बिघडतो का, हे तपासायच्या कामात जायचंय. वडिलांना एमबीए हवंय, आणि त्यांनी तिला न सांगता तिच्या नावाने एमबीए सीईटीचा फॉर्म भरूनही टाकलाय. "आता तुम्हीच तिला समजवा" असं लिहिलंय.

नमस्कार दादा,

मी समजावणार नाही, हे आधीच सांगून टाकते. एकवीस वर्षांच्या मुलीचा फॉर्म तिच्या मागे भरायचा आणि मग ती बातमी द्यायला बाहेरचं माणूस शोधायचं, हे मला अजिबात पटलेलं नाही. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, त्यात दहावीचे मार्क आहेत, बारावीचे आहेत, प्रत्येक सेमचे आहेत, पुतण्याचं पॅकेजपण आहे, पण मुलगी काय म्हणते ते कुठेच नाही. म्हणजे एका ठिकाणी आहे, पण तिथे तुम्ही तक्रार केलीय. मस्जिद बंदरला रंगाच्या गोदामात २२ वर्षं झाली, हल्ली घरी आलो की शर्ट दाराबाहेर झटकायला लावते, रुमाल नको मास्क लावा म्हणून डोकं खाते, "नॅनोचं भूत शिरलंय" असं तुमचं वाक्य आहे. अहो दादा, भूत कसलं, तिला तुमची काळजी वाटतेय. तिला हा विषय कुठून सुचला असेल, हा प्रश्न तुम्हाला एकदाही पडला नाही का?

तुम्ही ज्या टायटॅनियमच्या गोण्या उचलता ना, तो टायटॅनियम डायऑक्साइड. रंगातले त्याचे कण साधारण दोनशे-तीनशे नॅनोमीटरचे असतात, म्हणजे नॅनो ज्याला म्हणतात त्या १०० च्या वरचे, पण त्याच पदार्थाचे त्याहून बारीक कण सनस्क्रीनमध्ये असतात, आणि खाण्याच्या वस्तू पांढऱ्या दिसाव्यात म्हणून ई१७१ नावाने जो घालतात त्यातही काही कण नॅनो असतात. मे २०२१ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने सांगितलं की यामुळे डीएनएला इजा होण्याची शक्यता नाकारता येत नाही, आणि २०२२ मध्ये युरोपियन युनियनने तो खाण्यातून काढला. इजा होते असं सिद्ध झालं म्हणून नाही हं, होत नाही असं कुणाला छातीठोक सांगता आलं नाही म्हणून. हे खात्रीने सांगता यावं यासाठी जी माणसं लागतात त्यातली एक तुमच्या घरात तयार होऊ बघतेय.

आता तुमची भीती. "सारखं डीएनएचं काम करून तिच्याच जीन्सवर परिणाम झाला तर लग्नाच्या वेळी काय सांगायचं?" दादा, लग्न इथे आणायचंच नव्हतं. आणि हे काम असतं कसं ते तरी बघा. पेशी प्लास्टिकच्या फ्लास्कमध्ये वाढवलेल्या असतात, त्यांना कणांचे वेगवेगळे डोस द्यायचे, मग त्या स्लाइडवर जेलमध्ये बसवायच्या, आवरण विरघळवायचं आणि करंट सोडायचा, डीएनए तुटला असेल तर तो पुढे सरकतो आणि मायक्रोस्कोपखाली धूमकेतूसारखी शेपटी दिसते, म्हणून नाव कॉमेट अ‍ॅसे. दुसरी टेस्ट मायक्रोन्यूक्लियसची, पेशीचं विभाजन होताना मागे राहिलेल्या क्रोमोझोमच्या तुकड्याचा छोटासा वेगळा ठिपका होतो, ते ठिपके शोधायला दर डोसमागे किमान २००० पेशी तपासायच्या. धोका नसतो असं नाही, पण तो असतो कोरडी पावडर उघड्यावर मोजण्यात, किंवा मायटोमायसिन सी सारखी औषधं हाताळण्यात, जी टेस्ट नीट चालतेय ना हे कळावं म्हणून मुद्दाम डीएनए बिघडवायला वापरतात. त्यासाठी हवा ओढून घेणारं बंदिस्त कपाट, म्हणजे हूड असतो, हातमोजे असतात, ट्रेनिंग दिल्याशिवाय हात लावू देत नाहीत. तुमच्या गोदामात यातलं काय आहे?

पुढचं मुलीसाठी आहे, तिला स्वतःला वाचू द्या.

बाळा, जॅम, गॅट-बी, सीयूईटी पीजी या एमएस्सीच्या प्रवेश परीक्षा तुला माहीत असणारच, त्यावर मी वेळ घालवत नाही. ६४ टक्क्यांची मला चिंता नाही, पण बायोस्टॅटमध्ये, म्हणजे जीवशास्त्राच्या संख्याशास्त्रात, ४१ आहेत ते मला खटकलं, कारण हा विषय आकड्यांवर उभा आहे. नॅनो शब्द भारी वाटतो म्हणून जात असशील तर थांब. इथे कण मीडियात, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रवात, गुठळ्या करतात, कधी टेस्टमध्येच लुडबुड करतात आणि रिझल्ट खोटा येतो. पुस्तकात पहिली असते ती जिवाणूंवर डीएनएतले बदल तपासणारी एम्स टेस्ट इथे फारशी कामाची नाही, जिवाणूच्या भिंतीतून बरेचसे कण आतच जात नाहीत. मायक्रोन्यूक्लियस टेस्टमध्ये सायटोकॅलासिन बी, म्हणजे पेशीचे दोन भाग होणं थांबवणारं रसायन, आधीच घातलंस तर पेशीचं कण आत घेणंच अडू शकतं, आणि तू आनंदाने "सुरक्षित" लिहून मोकळी होशील. अशा चुका पकडण्यात महिनोन् महिने जातात आणि हातात छापलेला शोधनिबंध नसतो, हे चालणार असेल तर ये. सुट्टीत दोन महिने एखाद्या सेल कल्चर लॅबमध्ये काम मिळव, परळ-खारघरपर्यंत विचारत फिरायला लागलं तरी फिर, आणि मग ठरव.

दादा, पैशाचं खोटं सांगत नाही. नुसत्या एमएस्सीवर सुरुवातीचा पगार बेताचाच असतो, नेट परीक्षा काढून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप मिळाली तर महिना ३७,००० आणि पीएचडीला पाच-सहा वर्षं धरा. घरावर कर्ज असेल, तुमची तब्येत साथ देत नसेल तर ते तिला स्पष्ट सांगा, ते ऐकून ती कदाचित स्वतःच दोन वर्षं आधी नोकरी करते म्हणेल, आणि त्यात काही वाईट नाही. पण ते तिने ठरवायचं.

फॉर्मचं आज रात्रीच सांगा, जेवणाआधी. ती चिडेल, चिडू दे. नंतर तिला माझ्याकडे एकटीला पाठवा, मार्कशीट नको. आणि उद्या गोदामात जाताना एन९५ मास्क घेऊन जा, रुमालाने ती धूळ अडत नाही.