तक्ता बाजूला ठेवा, तिच्या दोन ओळी वाचा

प्रश्न : आम्ही मूळचे पुण्याचे. मी सध्या स्लोव्हाकियात नित्रा इथे मोटार कारखान्यात इंजिनिअर आहे. मुलगी सतरा वर्षांची, इथल्याच शाळेत शिकते, स्लोव्हाक उत्तम बोलते-लिहिते. न्यायाधीश ते मानवी हक्क ते राजकारण असा इथल्या माजी लोकपाल याना दुबोव्त्सोवा यांचा प्रवास वाचून मी तिच्यासाठी तक्ता केला आहे : ३० व्या वर्षी न्यायाधीश, ३५ व्या वर्षी लोकपाल (इथे सरकारी यंत्रणेने लोकांचे हक्क डावलले का, ते तपासणारं पद), ४० व्या वर्षी खासदार. ती मात्र टाळते. तिला कसं समजवावं?
(याच पत्राखाली मुलीने लिहिलं आहे : ‘मला न्यायाधीश व्हायचंय की नाही, माहीत नाही. रोमा या इथल्या वंचित अल्पसंख्य समाजाच्या वस्तीतल्या मुलांना वेगळ्या वर्गात का बसवतात, ते मला समजून घ्यायचंय.’)

उत्तर : तुमच्या पत्रात तिच्या मार्कांबद्दल काळजी करण्यासारखं काहीच नाही. काळजी वाटली ती तक्त्याची. सतरा वर्षांच्या मुलीची पुढची तेवीस वर्षं तुम्ही आखून टाकलीत आणि ती टाळते, ही तिची अडचण मानलीत. ती टाळत नाहीये. तिने तुमच्याच पत्राखाली स्वतःचा प्रश्न लिहिला आहे आणि तो तुमच्या तक्त्यापेक्षा कितीतरी नेमका आहे. तुम्ही तो वाचून मगच पत्र पाठवलंत ना? मग त्यावर एक अक्षरही का नाही?

तक्त्यातले आकडे कुठून आले तेही कळलं. स्लोव्हाकियाच्या राज्यघटनेत न्यायाधीशासाठी ३० आणि लोकपालासाठी ३५ वर्षं पूर्ण असावी लागतात. या किमान अटी आहेत, नेमणुकीच्या तारखा नव्हेत. संसदेसाठी तर २१ पुरतात. जी अट खरोखर आडवी येईल तिला तुमच्या तक्त्यात रकानाच नाही : ही तिन्ही पदं स्लोव्हाक नागरिकांसाठीच आहेत. सर्वसाधारण नियमाने नागरिकत्वासाठी सलग आठ वर्षं कायम वास्तव्य आणि भाषेची परीक्षा लागते. काहींना सवलत मिळते, तिला मिळेल का ते तिथल्या वकिलाकडून तपासून घ्या. आणि दुसरं नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं. हा निर्णय सज्ञान झाल्यावर तिचा तिनेच घ्यायचा.

आता मुख्य गैरसमज. दुबोव्त्सोवांची कारकीर्द तुम्ही बढत्यांसारखी वाचलीत, शिवाय क्रमही चुकवलात. त्या आधी खासदार झाल्या, २०१० मध्ये. लोकपालपद २०१२ ते २०१७, त्यानंतरचं. खासदारकीच्याही आधी, बान्स्का बिस्त्रित्साच्या जिल्हा न्यायालयाच्या अध्यक्ष असताना त्यांनी खटल्यांचं वाटप संगणकावर सोडतीने सुरू केलं, म्हणजे कोणतं प्रकरण कोणाकडे जाईल हे कोणाला ठरवता येऊ नये. २००९ मध्ये टीका करणाऱ्या न्यायाधीशांवर शिस्तभंगाच्या कारवायांचं सत्र सुरू होतं, तेव्हा त्याविरुद्ध न्यायाधीशांनी काढलेल्या ‘पाच वाक्यं’ या जाहीर पत्रावर सही करणाऱ्यांत त्या होत्या. लोकपालाला पक्षाचं सदस्य राहता येत नाही आणि त्याला हुकूमही काढता येत नाही. तो चौकशी करतो, अहवाल देतो, शिफारस करतो. १९ जून २०१३ ला मोल्दावा नाद बोद्वोऊ इथल्या रोमा वस्तीत ६३ पोलीस घुसले, लोकांना मारहाण झाली. लोकपाल म्हणून दुबोव्त्सोवांनी तपासून सांगितलं की हक्कांचं उल्लंघन झालं आहे. मंत्रिमंडळाने त्यांचं म्हणणं ऐकून घ्यायलाही नकार दिला. स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचा स्लोव्हाकियाविरुद्धचा निकाल सप्टेंबर २०२० मध्ये आला आणि सरकारने माफी मागितली २०२१ मध्ये. तोवर त्यांची मुदत संपून चार वर्षं झाली होती. या वाटेवर प्रत्येक टप्प्याला काहीतरी गमवावं लागतं. ते सोसायची तयारी बापाच्या तक्त्यातून येत नाही.

कायद्याच्या शिक्षणाचं थोडक्यात : ब्रातिस्लावा, त्रनावा, बान्स्का बिस्त्रित्सा, कोशित्से इथल्या सरकारी विद्यापीठांत तीन अधिक दोन अशी पाच वर्षं. स्लोव्हाक माध्यमातून, पूर्णवेळ आणि ठरलेल्या मुदतीत केलं तर शिकवणी शुल्क नाही.

आणि आता थेट तुझ्याशी बोलते. तुझा प्रश्न न्यायाधीशाच्या खुर्चीवरून सुटायला कठीण आहे. समोर दावा आला तरच न्यायाधीश बोलू शकतो. दावा आणणारे लोक वेगळे असतात आणि तुला बहुधा तेच काम हवं आहे. शारिश्स्के मिखाल्यानीच्या शाळेत रोमा मुलांचे वर्ग वेगळे होते. कोशित्सेच्या एका नागरी हक्क संस्थेने दावा लावला. प्रेशोवच्या जिल्हा न्यायालयाने तो भेदभाव ठरवला आणि २०१२ मध्ये वरच्या न्यायालयाने निकाल कायम केला. २००४ च्या भेदभावविरोधी कायद्यामुळे संस्थेला स्वतःच्या नावाने उभं राहता येतं, एखाद्या घाबरलेल्या आईला पुढे करावं लागत नाही. तरीही वेगळे वर्ग संपले नाहीत, म्हणून युरोपीय संघाच्या आयोगाने २०२३ मध्ये स्लोव्हाकियाला संघाच्या न्यायालयात (हे स्ट्रासबर्गहून वेगळं) नेण्याचा निर्णय घेतला. निकाल लागूनही शाळा का बदलत नाही, हे कळायला कायद्याइतकंच शिक्षणशास्त्र आणि समाजकार्यही उपयोगी पडेल. त्या शाखांची माहितीही काढ. कायदा हाच एक दरवाजा नाही.

या सुट्टीत दोन कामं कर. नित्राच्या न्यायालयात सुनावण्या सर्वांना खुल्या असतात, चार-पाच दिवाणी सुनावण्या मागे बसून ऐक. कोर्टाची स्लोव्हाक शाळेतल्या भाषेपेक्षा जड असते, किती कळते ते तिथेच समजेल. मग मिखाल्यानीचा निकाल मिळवून वाच आणि शाळेने बचावात काय सांगितलं होतं तेवढंच वहीत उतरवून काढ. त्यातला कोणता मुद्दा तुला खोडता येत नाही, ते मला लिहून पाठव.