सार्वजनिक ग्रंथालयांतल्या पदांचं वर्गीकरण आणि पगार यांचा आढावा घ्यायचा असेल, तर सुरुवात कुठून करावी?

पगाराच्या तक्त्यापासून नको, प्रत्यक्ष कामापासून करा. जुन्या वर्णनात ‘पुस्तकांची देवघेव’ एवढंच असतं. काउंटरवरची व्यक्ती मात्र कुणाचा ऑनलाइन अर्ज भरून देते, ई-पुस्तकांचं अडलेलं लॉगिन सोडवते, वाचनकक्षातली भांडणं मिटवते आणि शाखाप्रमुख रजेवर असले की शाखाही सांभाळते. हे कर्मचाऱ्यांकडूनच लिहून घ्या, वरिष्ठांकडून फक्त पडताळून घ्या.

मग ज्ञान, जबाबदारी, श्रम आणि कामाची परिस्थिती या निकषांवर गुण द्या. गुण पदाला द्यायचे, त्या पदावरच्या माणसाला नाही. सगळ्यात जास्त गल्लत इथेच होते. लोकांना दिवसभर तोंड देण्याचा ताणही श्रमांतच धरा. अनेक देशांत या क्षेत्रात स्त्रिया बहुसंख्य आहेत, आणि ‘हे त्यांना जमतंच’ म्हणत हे कौशल्य हिशेबातच धरलं जात नाही. हा उघड अन्याय आहे. समान मूल्याच्या कामाला स्त्री-पुरुषांना समान मोबदला, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९५१ च्या १०० क्रमांकाच्या करारात आहे. कामाचं वस्तुनिष्ठ मूल्यमापनही त्यात सुचवलंय.

इतर ग्रंथालयांशी तुलना करताना पदनाम नको, काम जुळवा. एखादं पद खालच्या श्रेणीत गेलं तर सध्याच्या कर्मचाऱ्याचा पगार कापू नका. नव्या श्रेणीतलं वेतन वाढत वाढत त्या पगाराला गाठेपर्यंत तो पगार आहे तिथेच गोठवा. आणि फेरविचाराचा अर्ज कुठे, किती दिवसांत करायचा, हे निकालाआधीच जाहीर करा.